दुकानं आधी, गिऱ्हाईक नंतर: ग्रीनडेलच्या ब्रॉड स्ट्रीटची सुरुवातीची गोष्ट

बाजारपेठ कशी तयार होते हे आपण सगळ्यांनी बघितलेलं असतं. एसटी स्टँड होतो, त्याला चिकटून चहाची टपरी येते, मग कुणीतरी पंक्चर काढायला बसतं, किराणा येतो, मेडिकल येतं, मोबाईलवाला येतो, आणि वीस-पंचवीस वर्षांनी नगरपालिका जागी होऊन तिथे पार्किंगचा बोर्ड लावते. ठरवून कुणीच काही केलेलं नसतं. जो चालला तो टिकला, जो नाही चालला त्याचं शटर खाली.

आता याच्या बरोबर उलटं करायचं ठरवलं तर? म्हणजे गावात एक माणूस राहायला यायच्या आधी कागदावर रस्ता काढायचा, त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानं काढायची, न्हाव्याचं कुठे, औषधांचं कुठे, सिनेमा थिएटर कुठे हे सगळं ठरवायचं, ते बांधून काढायचं आणि मग म्हणायचं, या आता राहायला. अमेरिकेत मिलवॉकी शहराच्या नैर्ऋत्येला ग्रीनडेल नावाचं गाव आहे, तिथली ब्रॉड स्ट्रीट अशीच जन्माला आली, १९३६ ते १९३८ या काळात, आणि बांधणारं होतं थेट केंद्र सरकार. (विस्कॉन्सिन राज्यात 'व्हिलेज' हा नगरपालिकेच्या खालचा कायदेशीर दर्जा आहे, साधारण आपल्या नगरपंचायतीसारखा, त्यामुळे बैलगाडीवालं खेडं डोळ्यासमोर आणू नका.)

अमेरिकेचं केंद्र सरकार न्हाव्याच्या दुकानाची जागा ठरवण्यापर्यंत कसं काय पोचलं, हे आधी बघू.

१९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला, पाठोपाठ महामंदी आली, कारखाने बंद, घरबांधणी ठप्प, गावागावात बेकारांच्या रांगा. १९३३ मध्ये रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी 'न्यू डील' नावाखाली एकामागून एक सरकारी कार्यक्रम सुरू केले. त्यातली एक संस्था म्हणजे १९३५ साली काढलेली रिसेटलमेंट अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, प्रमुख होते रेक्सफर्ड टगवेल, पेशाने अर्थशास्त्राचे प्राध्यापक. टगवेल यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की शहराच्या बाहेर स्वस्तात जमीन घ्यायची, तिथे पूर्ण वस्ती उभी करायची, लोकांना तिकडे ओढायचं, आणि मग शहरातल्या झोपडपट्ट्या पाडून तिथे बागा करायच्या. एका दगडात तीन पक्षी होते यात: बेकारांना बांधकामावर काम, कमी पगाराच्या कुटुंबांना नीट घर, आणि पुढे घरं कशी बांधावीत याचा एक नमुना.

कल्पना मात्र पूर्णपणे त्यांची नव्हती. इंग्लंडमध्ये एबेनेझर हॉवर्ड या गृहस्थाने १८९८ मध्ये 'गार्डन सिटी'ची योजना मांडली होती: आटोपशीर शहर, भोवती शेतीचा हिरवा पट्टा, आणि जमीन सगळी समाजाच्या मालकीची. तो हिरवा पट्टा अमेरिकेत आला तो 'ग्रीनबेल्ट टाऊन्स' या नावानेच. तीन गावं झाली, मेरीलँडमध्ये ग्रीनबेल्ट, ओहायोत ग्रीनहिल्स आणि विस्कॉन्सिनमध्ये ग्रीनडेल. चौथं ग्रीनब्रूक न्यू जर्सीत व्हायचं होतं पण तिथली टाऊनशिप, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्था, कोर्टात गेली आणि १९३६ च्या मे महिन्यात निकाल सरकारच्या विरोधात लागला, ते कागदावरच राहिलं.

त्या न झालेल्या ग्रीनब्रूकचा एक धागा थेट मुंबईपर्यंत येतो. त्याच्या आर्किटेक्ट मंडळींमध्ये आल्बर्ट मेयर नावाचा माणूस होता. हाच मेयर पुढे भारतात आला, मुंबई महापालिकेचे इंजिनिअर एन. व्ही. मोडक यांच्यासोबत त्याने बृहन्मुंबईच्या मास्टर प्लॅनची रूपरेषा केली, आणि ल कॉर्ब्युझिएच्या आधी चंदीगडचा पहिला आराखडाही त्याचाच. मोडक-मेयर आराखडा म्हणून प्लॅनिंगवाले ज्याचा उल्लेख करतात तो हाच मेयर. असो, आपण मिलवॉकीला जाऊ.

मिलवॉकीच का, तर कारखान्यांचं शहर, कामगार भरपूर, घरं अपुरी. शिवाय राजकारणही सोयीचं. १९१६ पासून तिथे डॅनियल होन नावाचे समाजवादी महापौर होते आणि ते १९४० पर्यंत राहिले. त्यांच्या काळात, १९२० च्या दशकाच्या सुरुवातीलाच शहराने 'गार्डन होम्स' नावाची सहकारी घरांची वसाहत बांधून बघितली होती, म्हणजे सरकारने घरं बांधायची या गोष्टीची तिथल्या लोकांना अगदीच अ‍ॅलर्जी नव्हती. बिल्डर आणि घरकर्ज देणाऱ्या संस्थांना मात्र होती, त्यांनी आरडाओरडा केलाच. दुग्धव्यवसायाची शेतं विकत घेत घेत सरकारने सुमारे ३,४०० एकर जमीन जमवली. गाव त्यातल्या छोट्या भागात, बाकी शेती, झाडी, ओढ्याकाठची बाग.

आता मुख्य रस्ता. ग्रीनडेलचे प्लॅनर दोन, जेकब क्रेन आणि एल्बर्ट पीट्स, आणि आराखड्यावर ठसा दिसतो तो जास्त करून पीट्सचा. हा माणूस मला भारी इंटरेस्टिंग वाटतो, कारण तो त्या काळच्या फॅशनच्या विरुद्ध होता. तेव्हाच्या चांगल्या उपनगरात रस्ते वळणावळणाचे काढायचे, जणू काही नैसर्गिकच आहेत असे, ही पद्धत होती आणि त्याचे देव म्हणजे ओल्मस्टेड, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कवाले. पीट्सने ओल्मस्टेडवर चांगलीच टीका करून ठेवलेली होती. त्याला जुनी शहरं आवडायची, चौक, सरळ रस्ता, रस्त्याच्या टोकाला नजर थांबेल अशी इमारत. मिलवॉकी परिसरही त्याला नवा नव्हता, वर्नर हेगेमान या जर्मन प्लॅनरसोबत त्याने तिथे वॉशिंग्टन हायलँड्स ही वसाहत आखली होती.

शिवाय त्याच सुमारास व्हर्जिनियातलं विल्यम्सबर्ग हे वसाहतकालीन जुनं गाव रॉकफेलरच्या पैशातून पुन्हा जसंच्या तसं उभं केलं जात होतं. गव्हर्नरच्या वाड्यापुढे लांब हिरवी मोकळी पट्टी, आणि पट्टीच्या टोकाला वाडा, हे चित्र तेव्हाच्या आर्किटेक्ट लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. पीट्सने ते उचललं, फक्त वाड्याच्या जागी व्हिलेज हॉल ठेवला. म्हणजे ब्रॉड स्ट्रीटवर उभं राहिलं की दोन्ही बाजूंना ठेंगणी दुकानं आणि समोर, रस्त्याच्या माथ्यावर, छोटा घुमटीवजा मनोरा असलेली पंचायतीची इमारत. गव्हर्नरच्या जागी पंचायत! मला यात राजकारण दिसतं, पीट्सला दिसत होतं की नाही ते सोडा.

मेरीलँडचं ग्रीनबेल्ट बघितलं तर हा फरक अजून ठळक कळतो. तिथला बाजार म्हणजे रस्ता नाहीच, दोन इमारतींच्या मध्ये गाड्यांना बंदी असलेला फरसबंद चौक, मॉडर्न धाटणीचा, गोलसर कोपऱ्यांचा, मध्ये आई आणि मुलाचं शिल्प. गाडी बाहेर लावायची आणि आत चालत यायचं. आजचा मॉल समजा, फक्त वर छप्पर नाही. ग्रीनडेलमध्ये असलं काही केलं नाही, तिथे साधा सरळ रस्ताच केला, गाड्या येणार, दुकानापुढे लागणार, फुटपाथवरून लोक चालणार, अगदी कुठल्याही छोट्या अमेरिकन गावाच्या मेन स्ट्रीटसारखं, फरक इतकाच की तो मेन स्ट्रीट कोरा करकरीत होता. तेव्हा यावर नाकं मुरडली गेली असणार, की एवढा सरकारी पैसा घालून शेवटी जुनंच काढलं. पण पुढे काय झालं ते बघता पीट्सचा हिशोब अगदी चुकला असं म्हणता येत नाही, त्याबद्दल नंतर.

आता खरा किचकट भाग, दुकानं किती आणि कोणती?

नेहमीच्या बाजारात हा प्रश्न कुणी विचारत नाही कारण उत्तर बाजारच देतो. दोन किराणे चालत असतील तर दोन, नसतील तर एक बंद पडेल. पण इथे जमीन सरकारची, इमारत सरकारची, घरंही सरकारची, सगळे राहणारे भाडेकरू. बाहेरचा कुणी येऊन कोपऱ्यावर टपरी टाकू शकत नाही. म्हणजे सरकारने एका धंद्याला एकच गाळा दिला तर त्या धंद्याची गावात आपोआप मक्तेदारी झाली. आणि दोन दिले तर? गिऱ्हाईक इतकं कमी की दोन्ही बुडणार.

हा पेच हॉवर्डला १८९८ मध्येच दिसला होता आणि त्याने एक तोडगाही सुचवला होता जो मला अजूनही हुशार वाटतो. त्याचं म्हणणं, सगळ्या दुकानांची मालकी समाजाची, तर प्रत्येक धंद्याला आधी एकच दुकानदार ठेवा, त्यामुळे त्याचा धंदा नीट चालेल, भाडं वेळेवर येईल, उगाच दहा जण एकमेकांच्या उरावर बसून बुडणार नाहीत. पण त्या दुकानदाराने भाव वाढवले, माल खराब दिला, नोकरांना कमी पगारात राबवलं आणि लोक वैतागले, तर लोकांच्या मागणीवरून दुसरा दुकानदार आणायचा. म्हणजे डोक्यावर टांगती तलवार कायम. तलवार फिरली नाही तरी चालेल, टांगलेली दिसली पाहिजे.

ग्रीनडेलमध्ये हिशोब आणखी अवघड झाला तो घरांच्या आकड्यामुळे. सुरुवातीला जास्त घरांचा बेत होता, बजेट आवळत गेलं आणि शेवटी पहिल्या टप्प्यात ५७२ घरं झाली. १९४० च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या २,५२७. आता पुण्याजवळ नवीन टाऊनशिप होते तेव्हा खालच्या गाळ्यांचं काय होतं ते आठवा, ब्रोशरमध्ये सुपरमार्केट, बेकरी, सलून, क्लिनिक सगळं छापलेलं असतं, पझेशन मिळतं, आणि दोन वर्षं झाली तरी अर्ध्या गाळ्यांवर 'टू लेट'. कारण सोपं आहे, दुकानाला लागणारी गिऱ्हाईकं टप्पा दोन आणि टप्पा तीनमध्ये राहणार असतात आणि ते टप्पे अजून खड्ड्यात असतात. ग्रीनडेलचे पुढचे टप्पे तर युद्ध आणि राजकारण यांच्यात अडकून कित्येक वर्षं झालेच नाहीत. १९५० ला लोकसंख्या होती २,७५२, म्हणजे दहा वर्षांत वाढ अडीचशेच्याही खाली.

पण हे पुढचं. १९३८ च्या एप्रिलच्या शेवटी आणि मेच्या सुरुवातीला पहिली कुटुंबं आली तेव्हा त्यांना जे मिळालं ते त्या काळात थोडं नव्हतं. काँक्रीटच्या ठोकळ्यांची, उतरत्या छपरांची घरं, त्यातली जवळपास निम्मी सुटी, एकेका कुटुंबाची. घर रस्त्याला लागून आणि बाग मागे, बसायची खोली बागेकडे तोंड करून, आणि बागेतून, झाडीतून निघणाऱ्या पायवाटा. ब्रॉड स्ट्रीट चालत जाण्याच्या अंतरावर ठेवलेली. भाड्याने घर मिळवायला मात्र अर्ज, मुलाखत, उत्पन्नाची तपासणी. उत्पन्न फार कमी तरी नाही, फार जास्त तरी नाही. आणि एक गोष्ट गाळून पुढे जाणं बरोबर नाही, या तिन्ही गावांत सुरुवातीला फक्त गोऱ्या कुटुंबांनाच घर मिळत होतं. मिलवॉकीतल्या काळ्या कामगाराला हा अर्ज खुलाच नव्हता. म्हणजे दुकानाचं गिऱ्हाईकसुद्धा सरकारने फॉर्म तपासून निवडलेलं.

त्या दिवसांत ब्रॉड स्ट्रीटवर काय काय होतं बघा. किराणा आणि भाजीचं स्टोअर, ज्यावर सगळा डोलारा उभा. किरकोळ घरगुती वस्तूंचं व्हरायटी स्टोअर, औषधांचं दुकान, न्हावी, बायकांचं पार्लर, चपला-बूट दुरुस्ती, कपडे धुवून इस्त्री करून देणारा, पेट्रोल पंप, सिनेमा थिएटर. आणि खाणं-पिणं मिळणारं टॅव्हर्न, कारण हे मिलवॉकी आहे, जर्मन वस्तीचं, बिअरचं शहर, तिथल्या कामगाराला आदर्श गाव दिलं आणि बिअर दिली नाही तर तो आदर्श गावाचं काय लोणचं घालणार? जवळच शाळा, तीच संध्याकाळी समाजमंदिर, तिथेच मीटिंगा. ध्वजस्तंभाच्या तळाशी अलोन्झो हाउझर या शिल्पकाराने चुनखडीत कोरलेल्या आकृत्या, देवाच्या नाहीत, सेनापतीच्या नाहीत, ग्रीनडेलमध्ये राहणाऱ्या साध्या माणसांच्या. पुतळा म्हटला की घोड्यावरचा माणूस ही आपली सवय, त्यामुळे हे मला फार आवडतं.

१९३८ च्या ऑगस्टमध्ये गावाचं स्वतःचं वर्तमानपत्रही सुरू झालं, 'ग्रीनडेल रिव्ह्यू', आणि नोव्हेंबरमध्ये गाव कायदेशीररीत्या व्हिलेज झालं, स्वतःची निवडून दिलेली मंडळी बसली. तरी लक्षात घ्या, सगळ्या जमिनीचा आणि घरांचा मालक अजून वॉशिंग्टनमध्येच. मतदार तुम्ही, घरमालक सरकार. गळकं छप्पर आणि महाग बटाटा, दोन्हीची तक्रार शेवटी फिरून एकाच दिशेने जायची.

मग दुकानं चालवायची कुणी? सरकारने स्वतः काउंटरवर बसायचं नाही हे ठरलेलं होतं. मोठ्या चेन स्टोअरला दिलं तर टीका होणार की सरकारने कंपनीला आयतं गिऱ्हाईक बांधून दिलं. सुट्या सुट्या दुकानदारांना दिलं तर मक्तेदारीचा प्रश्न. मधला मार्ग म्हणून आलं सहकारी ग्राहक भांडार. म्हणजे गिऱ्हाईकच मालक.

याचं मूळ इंग्लंडमधल्या रॉचडेलचं, १८४४ मध्ये २८ जणांनी, त्यात बरेच विणकर, मिळून काढलेलं दुकान. नियम साधे: शेअर किती का असेनात, माणशी एकच मत, आणि वर्षअखेर नफा वाटायचा तो शेअरच्या प्रमाणात नाही तर कुणी किती खरेदी केली त्या प्रमाणात. ज्याने जास्त पीठ-साखर नेली त्याला जास्त परत. आपल्याकडच्या ग्राहक भांडारांमागेही हीच कल्पना. मक्तेदारीचं भूत यात बऱ्यापैकी बाटलीत जातं, कारण दुकानाने तुम्हाला लुबाडलं तरी ते पैसे वर्षअखेर तुमच्याकडेच यायचे, निदान वहीत तरी.

अमेरिकेत याचा मोठा पुरस्कर्ता होता बोस्टनचा एडवर्ड फाइलीन, स्वतः बड्या डिपार्टमेंट स्टोअरचा मालक, तळघरात स्वस्त माल विकण्यासाठी प्रसिद्ध. हा व्यापारी म्हातारपणी सहकाराच्या प्रेमात पडला आणि त्याने कन्झ्युमर डिस्ट्रिब्युशन कॉर्पोरेशन नावाची संस्था पैसे घालून उभी केली. ग्रीनबेल्टची दुकानं आधी या संस्थेने चालवली आणि मग १९४० मध्ये तिथल्या रहिवाशांच्या सहकारी संस्थेच्या हाती दिली. ग्रीनडेलमध्ये ग्रीनडेल को-ऑपरेटिव असोसिएशन झाली आणि ब्रॉड स्ट्रीटची मुख्य दुकानं तिच्याकडे आली. विस्कॉन्सिन तसा सहकाराचा मुलूख, दूधवाल्यांच्या सोसायट्या गावोगावी, त्यामुळे हे चालायला हवं होतं.

पण नाही म्हणजे नाहीच नीट चाललं. ग्रीनडेलच्या को-ऑपला पैशांची ओढाताण कायम राहिली आणि १९४० चं दशक संपायच्या आत ती गुंडाळली गेली. याची कारणं मला जशी दिसतात तशी सांगतो, आणि त्यात 'लोकांना सहकाराची कदर नव्हती' हे नेहमीचं कारण मी मुद्दाम शेवटी ठेवतो कारण ते सगळ्यात कमी पटतं.

पहिलं म्हणजे आकडा. पाचशे बहात्तर घरं. सगळ्यांनी सगळा माल इथेच घेतला तरी तो एक बऱ्या स्टोअरचा धंदा, त्यातून न्हावी, बूटवाला, व्हरायटी स्टोअर यांचा खर्च सांभाळायचा. आणि सगळे सगळं इथे घेणारच नव्हते, कारण कमावता माणूस रोज कामाला मिलवॉकीत जायचा आणि तिथे चेन स्टोअरमध्ये भाव कमी. घाऊक माल उचलणारा जितका मोठा तितका त्याचा भाव कमी, हे गणित सहकाराच्या भावनेने बदलत नाही. येताना गाडीत पिशवी टाकली की झालं. त्यात घरामागे भाजीचे वाफे, गावाबाहेर भाजीपाल्याचे पट्टे, उन्हाळ्यात टोमॅटो-बीन्स कोण विकत घेणार?

दुसरं कारण जास्त विचित्र आहे. उत्पन्नाची वरची मर्यादा होती ना, ती नुसती आत येताना नव्हती. पगार त्या मर्यादेच्या वर गेला तर घर सोडून जायचं असा नियम होता. घरांच्या दृष्टीने ठीक, गरजू कुटुंबाला जागा मिळावी. पण दुकानाच्या बाजूने बघा, ज्याचा खिसा गरम झाला, जो आता दोन पैसे जास्त खर्च करणार, आणि ज्याच्यात सोसायटीची कमिटी चालवायचा अनुभव आलाय, नेमका तोच गाव सोडून चालला. युद्धाच्या काळात हा नियम सैल करावा लागला. युद्धात पेट्रोल आणि टायरही रेशनवर गेले, उगाच शहरात चक्कर मारणं बंद, अशा वेळी जवळचं दुकान बरं वाटणारच. रेशन उठलं, गाड्या पुन्हा मिळायला लागल्या आणि पिशवी परत मिलवॉकीत भरायला लागली.

तिसरं, ज्याला आपल्या सोसायटीत कधी कमिटीवर काम केलंय त्याला हे सांगायला नको, रात्री मीटिंग आणि सकाळी सातला कारखाना हे वर्षानुवर्षं जमत नाही. दुकान चालवणं हा धंदा आहे, माल कधी मागवायचा, किती सडणार, उधारी कुणाला द्यायची, हे मत टाकून ठरत नाही. आणि मग उरलं ते शेवटचं कारण, लोकांना सहकाराची कदर नव्हती. काहींना नसेल. पण ते ग्रीनडेलला आले होते ते घरासाठी, चळवळीसाठी नव्हे. दुकान त्यांना घरासोबत मिळालं होतं. स्वतः पै पै जमवून काढलेलं भांडार आणि आयत्या तयार गाळ्यात सुरू झालेलं भांडार यात फरक पडतोच.

पण मग ग्रीनबेल्टचं भांडार कसं टिकलं, असं कुणी विचारेल आणि ते बरोबर आहे. तिथे जवळपास तशीच परिस्थिती होती. माझ्या मते तिथे सुरुवातीला मागे फाइलीनच्या संस्थेचा पैसा आणि तयार मॅनेजर होते, वॉशिंग्टन जवळ असल्यामुळे सरकारी नोकरदार, मीटिंगांची सवय असलेली मंडळी जास्त होती, आणि तिथे १९४१ च्या सुमारास युद्धाच्या नोकरदारांसाठी सरकारने आणखी हजार घरं बांधली, म्हणजे गिऱ्हाईक एकदम दुपटीच्याही वर. आकडा पुन्हा आकडा.

युद्धानंतर काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, ही गावं नकोच होती. 'टगवेलटाऊन' म्हणून टिंगल आधीपासून चालू होती, समाजवादाचा वास येतो म्हणून ओरड होती, आणि १९४९ मध्ये तिन्ही गावं विकण्याचा कायदा झाला. कायद्यात माजी सैनिकांच्या आणि रहिवाशांच्या गटांना पहिली संधी होती, म्हणजे सगळ्यांनी मिळून गाव विकत घ्यायचं. ग्रीनबेल्टमध्ये बऱ्याच लोकांनी तसं केलं, घरं सहकारी मालकीत गेली. ग्रीनडेलच्या लोकांनी म्हटलं, आम्हाला आमचं आमचं घर द्या, स्वतंत्र. आणि तशी ती विकली गेली. राहिलेली मोकळी जमीन आणि ब्रॉड स्ट्रीटचा बाजार १९५३ मध्ये मिलवॉकीच्या व्यापारी मंडळींनी काढलेल्या एका डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनने घेतला. पंधरा वर्षांत रस्त्याचा मालक सरकारकडून खाजगी कंपनीवर आला आणि मधला सहकाराचा प्रयोग गळून पडला.

यानंतर मोकळ्या जमिनीवर घरं झाली, १९६० ला लोकसंख्या ६,८४३ आणि १९७० ला १५,०८९. म्हणजे ब्रॉड स्ट्रीटला ज्या गिऱ्हाईकाची तीस वर्षं वाट होती ते शेवटी आलं. आणि कधी आलं? तर १९७० मध्ये, बरोबर त्याच वर्षी गावाच्या हद्दीत साऊथरिज हा प्रचंड मॉल उघडला! नशीब म्हणतात ते असं. सगळं नवीन गिऱ्हाईक तिकडे. ब्रॉड स्ट्रीट पुढची पंचवीस वर्षं तशी मरगळलेलीच राहिली.

१९९६ मध्ये रॉय रायमन या प्रकाशकाने बाजारातल्या इमारती विकत घेऊन त्या दुरुस्त करायला घेतल्या, फुलांची कुंपणं, जुन्या धाटणीचे दर्शनी भाग वगैरे, थोडं जास्तच गोडगोड झालं असं मला वाटतं पण रस्ता जिवंत झाला हे खरं. आणि तो जिवंत होऊ शकला कारण होता तो रस्ताच होता. १९५० आणि ६० च्या दशकांत त्या काळच्या फॅशनने बांधलेली कितीतरी छोटी शॉपिंग सेंटरं, मोठं पार्किंग आणि मागे लांबट इमारत, ती एकदा रिकामी पडली की पाडण्यापलीकडे काही करता येत नाही. इथे फुटपाथ होता, मापात बसणारी दुकानं होती, समोर व्हिलेज हॉल होता जिथे लोकांना काही ना काही कामासाठी यावंच लागायचं. पीट्सने गिऱ्हाईकाचा अंदाज बांधला नव्हता, तो त्याच्या हातातही नव्हता. त्याने बांधला होता फक्त रस्ता.

२०१२ मध्ये गावाचा मूळ भाग राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर झाला, त्यात ब्रॉड स्ट्रीटही आली. तिकडे मेरीलँडच्या ग्रीनबेल्टमध्ये मूळ सहकारी संस्था वाढत वाढत इतकी मोठी झाली की १९८० च्या दशकात तिने स्वतःच्या गावातून काढता पाय घेतला, तेव्हा रहिवाशांनी पैसे जमवून आपलं किराणा स्टोअर स्वतः विकत घेतलं, आणि ते त्याच जुन्या चौकात पुढेही चालत राहिलं.